बीएवाल्यांचं परदेश: इंजिनीअरिंगचा नकाशा बाजूला ठेवा

ठाणे स्टेशनातून नौपाड्याकडे चालत निघालं किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये फेरी मारली, की परदेशी शिक्षणाच्या पाट्या दिसू लागतात. कॅनडा, जर्मनी, आयर्लंड, मोफत सल्ला. आत जाऊन ‘मी इतिहासात बीए करतेय’ असं सांगितलं, की बहुतेक वेळा मॅनेजमेंट नाहीतर मार्केटिंगच्या कोर्सचं माहितीपत्रक पुढे येतं. समोरच्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण त्याच्याकडचा नकाशा बीई, बीटेक झालेल्यांसाठी आखलेला आहे: कर्ज काढा, एमएस करा, तिथेच दोन-तीन वर्षं नोकरी करून कर्ज फेडा, मग पुढचं बघा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने याच नकाशावर चालायचं ठरवलं तर तो मध्येच अडकतो. त्याचा रस्ता वेगळा आहे. तो लांबचा आहे, पण अनेकदा स्वस्तही पडतो.

फरक कुठे पडतो ते आधी आकड्यांत बघू. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतली की ओपीटी नावाची परवानगी मिळते, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची मुभा. ती सगळ्यांना १२ महिने असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित अशा विषयांच्या सरकारी यादीत तुमचा कोर्स असेल, तर आणखी २४ महिने मिळतात. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या यादीत नाहीत. म्हणजे सोसायटीतल्या ज्या दादाचं उदाहरण घरात दिलं जातं, त्याला डॉलरमधल्या पगारासाठी तीन वर्षं होती. तुम्हाला एकच आहे, आणि नोकरी शोधायचा वेळही त्यातच जातो.

ब्रिटनचा हिशोब असा. तिथे एमए एका वर्षाचं असतं आणि कला विषयांची फी साधारण १८ ते ३० हजार पौंडांच्या घरात असते. राहण्याच्या खर्चासाठी व्हिसा अर्जात लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड दाखवावे लागतात (नोव्हेंबर २०२५ पासूनचे आकडे), तेही नऊ महिन्यांचे, आणि ते पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. फी २४ हजार धरली आणि लंडनबाहेर राहायचं ठरवलं तर एकूण साडेचौतीस हजार पौंड, म्हणजे जवळपास ४० लाख रुपये. एवढं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ५४ हजारांच्या आसपास बसतो. आता ज्या कामाची स्वप्नं आपण बघतो, प्रकाशन, संग्रहालय, संशोधन, शिकवणं, त्यात सुरुवातीला हातात काय पडतं ते कुणाला तरी विचारून या आणि हा हप्ता त्याच्याशेजारी लिहून ठेवा.

म्हणून माझं मत ठाम आहे. कला शाखेत परदेशाचा बेत कर्जापासून सुरू करू नये. तो शिष्यवृत्ती, फी नसलेली विद्यापीठं आणि हाताशी असलेला वेळ यांवर उभा करावा. कर्ज अगदी शेवटी, उरलेली फट बुजवायला. वेळ म्हणजे किमान दीड वर्ष. एसवाय संपत आलं असेल तर तुम्ही अगदी योग्य वेळी हे वाचताय. टीवायच्या परीक्षा झाल्यावर जाग आली असेल, तरी मध्ये एक वर्ष काम करून जाण्यात काहीच कमीपणा नाही. उलट त्याचा फायदाच होतो, ते पुढे येईलच.

देशाआधी प्रश्न

‘कुठल्या देशात जाऊ?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. कला शाखेत आधी ठरवायचं असतं ते ‘मला नेमकं काय शोधायचंय?’ कारण तिकडची प्रवेश समिती गुणांइतकंच, कधी त्याहून जास्त, तुमचा विषय किती स्पष्ट आहे ते बघते. ‘मला इतिहासाची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही.

ठाणे-नवी मुंबईच्या मुलांना असे प्रश्न घराबाहेर पडताच सापडतात. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा गोळीबारात बळी गेला आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. समजा, घणसोलीच्या गावठाणात राहणारी एक मुलगी समाजशास्त्रात बीए करतेय. तिच्या आजीच्या पिढीतल्या बायका भातशेतीत आणि मिठागरांत राबायच्या. सातबारा मात्र बहुतेक पुरुषांच्या नावावर. जमीन गेली, भरपाई आली, पण त्या बायकांच्या कामाचं पुढे काय झालं?

हा प्रश्न घेऊन ती मौखिक इतिहासाकडे जाऊ शकते, लिंगभाव अभ्यासाकडे, शहर-अभ्यासाकडे किंवा विकास-अभ्यासाकडे. प्रश्न पक्का असला की कोर्स शोधणं सोपं होतं, कारण मग आपण विद्यापीठाचं नाव बघत नाही. आपल्याला हवं ते तिथे कोण शिकवतं ते बघतो. विभागाच्या पानावर प्राध्यापकांची यादी असते, त्यांचे लेख असतात. दोन लेख वाचले तरी कळतं, इथे आपलं जमेल की नाही.

बीएचा विषय बदलता येईल का, ही भीतीही काढून टाका. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या, मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात एमए झाल्या आणि १९२८ मध्ये बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. विषयाची पाटी दोनदा बदलली, माणसांच्या समूहांबद्दलचं कुतूहल एकच राहिलं. असा धागा दाखवता आला तर समित्या विषयबदलाला अडून बसत नाहीत.

तीन वर्षं की चार

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये बॅचलर पदवी बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचीच आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या बीएवर तिथे एमएला अर्ज करता येतो. अमेरिकेत बॅचलर चार वर्षांची असते, आणि अनेक विद्यापीठं मास्टर्ससाठी एकूण १६ वर्षांचं शिक्षण मागतात. आपली बारावी अधिक तीन म्हणजे १५. काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी स्वीकारतात, पण ते त्या-त्या विभागाच्या प्रवेशाच्या पानावरच वाचावं लागतं. मैत्रिणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात एक वाट उघडली आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला ही रचना लागू झाली. आता तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं आणि त्यात एक प्रबंध लिहावा लागतो. अमेरिकेचा विचार असेल, किंवा पुढे पीएचडी करायची असेल, तर हे संशोधनाचं चौथं वर्ष घ्यावं असं मी सांगेन. प्रबंध अर्जासोबत लेखननमुना म्हणून जातो आणि १६ वर्षांचा प्रश्नही सुटतो. फक्त युरोपात एमए करायचं असेल, तर तेच वर्ष भाषा शिकायला किंवा कामाला दिलेलं बरं. आपल्या कॉलेजात चौथ्या वर्षाला आपला विषय आहे का, हे मात्र आत्ताच ऑफिसात जाऊन विचारा. सगळ्या कॉलेजांत सगळे विषय नसतात.

आता क्रेडिटचं कोडं. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट धरतात, तीन वर्षांचे १८०. आपल्या गुणपत्रिकेवर वर्षाला ४० ते ४४ असतात. मुलं घाबरतात, की आपले कमी पडले. तसं नाही. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांची शिकवणी. युरोपात एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, आणि त्यात वाचन, निबंध, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. मापं वेगळी आहेत, म्हणून आकडे थेट जुळवायचे नाहीत. विद्यापीठं ते आपल्या पद्धतीने जुळवतात. आपण फक्त प्रत्येक पेपरचं नाव, क्रेडिट आणि अभ्यासक्रम व्यवस्थित द्यायचा. अभ्यासक्रमाच्या पीडीएफ फायली आत्ताच उतरवून ठेवा; अभ्यासक्रम बदलला की जुना शोधणं कठीण जातं.

कुठे परवडतं

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य याला मोठा अपवाद आहे. तिथे युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. बाकी ठिकाणी सत्राला काहीशे युरोंपर्यंतचं वर्गणीवजा शुल्क. मात्र राहण्याच्या खर्चासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ही फी नव्हे. पैसे तुमचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही लागतं. त्यात तुमची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासलं जातं. त्याची फी १८ हजार रुपये आहे आणि ते मिळायला वेळ लागतो, तेव्हा प्रवेशाची वाट बघत बसू नका, आधीच अर्ज टाका. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

अडचण एकच, पण मोठी: भाषा. कला विषयांतले जर्मनीतले बहुसंख्य मास्टर्स जर्मन भाषेत आहेत आणि त्यांना साधारण सी१, म्हणजे प्रगत पातळी लागते. ए१ या अगदी पहिल्या पातळीपासून तिथवर नियमित अभ्यास करून दीड-दोन वर्षं सहज जातात. काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन ठाण्याहून लांब पडतं हे खरं, पण ऑनलाइन वर्गही असतात. एफवायपासून जर्मन सुरू केलेल्या मुलीला टीवायनंतर जे पर्याय खुले होतात, ते आयत्या वेळी कितीही धावपळ केली तरी मिळत नाहीत. भाषा ही कला शाखेची सगळ्यात किफायतशीर गुंतवणूक आहे, असं मी मनापासून मानतो. फ्रेंचचंही तेच. फ्रेंच बऱ्यापैकी येत असेल तर फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचे भाषा-सहायक म्हणून साधारण सात महिने पगारी काम करायची योजना आहे, आणि शिकवण्याचा अनुभव, राहणं, भाषा तिन्ही एका दमात होतं.

युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडुस योजना तर कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट वाचावी. किमान दोन देशांत शिकून एक किंवा दोन वर्षांत संयुक्त मास्टर्स. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, विमा भरलेला आणि महिन्याला १,४०० युरो हातात. ग्लासगो विद्यापीठाच्या समन्वयाने बालसाहित्याचा कोर्स चालतो, ऑर्हूसचा पत्रकारितेचा, ग्रनाडाचा स्त्री-अभ्यास आणि लिंगभावाचा, एर्लांगनचा शब्दकोशशास्त्राचा. घणसोलीच्या मुलीचा प्रश्न ग्रनाडाच्या कोर्सात अगदी चपखल बसतो. कुठल्या कोर्सला त्या वर्षी शिष्यवृत्त्या आहेत हे योजनेच्या अधिकृत यादीत दिसतं. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत भरायचे असतात.

आयर्लंडमध्ये ब्रिटनसारखंच एका वर्षाचं एमए आणि नंतर दोन वर्षं राहायची मुभा. ब्रिटनमध्ये हीच मुभा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांची होणार आहे. अमेरिकेबद्दल एवढंच: तिथलं कला विषयांतलं एमए सहसा स्वखर्चाचं असतं, पीएचडीला मात्र चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. अलीकडे काही विद्यापीठांनी या विषयांतले पीएचडी प्रवेश थांबवले किंवा कमी केले आहेत, तेव्हा त्या वर्षी विभाग विद्यार्थी घेतोय ना, हे अर्जाची फी भरण्याआधी बघा. अमेरिकी सरकारचं एज्युकेशन यूएसए केंद्र फुकट सल्ला देतं.

शिष्यवृत्त्या, आणि त्यातली एक बोचणारी अट

एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बीए झालेले भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परदेशात शिकायला शिष्यवृत्ती मागणं म्हणजे हात पसरणं, असं अजूनही काही घरांत वाटतं. त्या घरांना ही गोष्ट सांगावी.

महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी ७५ जागा, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. जागा शाखांमध्ये वाटलेल्या असतात, कला शाखेलाही असतात. आदिवासी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गातले आर्थिकदृष्ट्या मागास यांच्यासाठी त्या-त्या विभागांच्या वेगळ्या योजना आहेत, मराठा-कुणबी समाजासाठी सारथीची आहे. जाहिरात येते तेव्हा मुदत थोडी असते. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, डोमिसाइल आधीच फाइलला लावून ठेवलेल्यांनाच ती पुरते.

केंद्र सरकारच्या, अनुसूचित जाती आणि इतर काही वंचित गटांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. पण २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक अट आली: भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून चालणार नाहीत. म्हणजे घणसोलीची ती मुलगी पात्र गटातली असली, तरी आपल्या आजीच्या पिढीच्या श्रमांवर काम करायला तिला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. ज्या समाजांचा इतिहास इतरांनीच लिहिला, त्यांच्याच मुलांना जगातल्या उत्तम विद्यापीठांत तो लिहायला मदत नाकारणारी ही अट मला अन्यायाची वाटते. ती बदलेपर्यंत, अर्ज करणाऱ्याने आपला विषय या अटीत अडकतो का ते आधी तपासावं आणि अडकत असेल तर बाकीच्या वाटांकडे वळावं.

त्या वाटा आहेत. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन ३० वर्षांखालच्या भारतीयांना अमेरिका, ब्रिटन, युरोपातल्या आघाडीच्या संस्थांसाठी मदत करतं, आणि तिथे वगळलेल्या विषयांत इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट आहेत. कला शाखेला झुकतं माप देणाऱ्या अशा जागा मोजक्याच, म्हणून ही चुकवू नका. ऑक्सफर्ड, रेडिंग आणि सोआस इथे फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला, वारसा-संवर्धन आणि मानव्यविद्यांतल्या लोकांना ब्रिटनमधल्या कामासाठी अनुदान देतो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ती कर्जरूप शिष्यवृत्ती आहे, पैसे परत करावे लागतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग पूर्ण खर्च देते, मात्र तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. बीएनंतर वर्ष-दोन वर्षं काम करणं वाया जात नाही असं वर म्हटलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

कर्ज घ्यावंच लागलं तर एक लक्षात असू द्या. शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, कापला जात नाही. स्वतःच्या खात्यातून पाठवलेल्या पैशांवर वर्षाला १० लाखांच्या पुढे कापला जातो. तो आयकर विवरण भरताना परत मिळवता येतो, पण ऐन फी भरायच्या वेळी तेवढी रक्कम जास्त उभी करावी लागते.

इंटर्नशिपचं गणित वेगळं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. परदेशातल्या संस्थेने ‘या’ म्हटलं म्हणजे जाता येतं असं नाही. बहुतेक देशांत पर्यटक व्हिसावर इंटर्नशिप करता येत नाही, बिनपगारी असली तरी. म्हणजे संस्थेच्या होकारानंतर लगेच विचारायचं, ‘कोणत्या व्हिसावर?’ त्यावर स्पष्ट उत्तर नसेल तर पैसे भरू नका, तिकीट काढू नका.

अमेरिकेत जे-१ इंटर्न व्हिसा असतो. तो शिकत असलेल्यांना किंवा पदवी घेऊन १२ महिने न उलटलेल्यांना मिळतो, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था लागते. जर्मनीत विषयाशी जोडलेली इंटर्नशिप करायची असेल तर साधारण चार सत्रं पूर्ण झालेली असावी लागतात आणि रोजगार खात्याची संमती लागते. ब्रिटनमध्येही प्रायोजक हवाच. याच कारणाने लहानशी गॅलरी किंवा प्रकाशनसंस्था मनापासून तयार असली, तरी कागदपत्रांच्या कटकटीला घाबरून मागे सरते. अशा वेळी ‘नियम असा आहे, तुम्हाला फक्त एवढं पत्र द्यावं लागेल’ असं आपणच वाचून त्यांना लिहिलं, तर काम होण्याची शक्यता वाढते.

ठरलेल्या वाटाही आहेत. व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात १९८० पासून जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप चालते, भत्त्यासह. कलेतिहासात रस असणाऱ्यांनी जरूर बघावी. कॅनडातली मिटॅक्स ग्लोबलिंक ही १२ आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप फक्त विज्ञानाची नाही, मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतले प्रकल्पही तिच्या यादीत असतात. अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत जातात, म्हणून ती अनेकांच्या हातून निसटते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप नावाने मोठी, पण बिनपगारी आहे. न्यूयॉर्कमधलं भाडं खिशातून भरायची ऐपत नसेल तर तिच्यासाठी कर्ज काढू नये.

पदवीनंतर काम करायचं असेल तर ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना बघा. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांना वर्षाला ३,००० जागा, चिठ्ठी टाकून निवड, दोन वर्षांचा व्हिसा, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. नोकरीची ऑफर आधी लागत नाही, आणि चिठ्ठीत नाव द्यायला फी नाही. ऑस्ट्रेलियाचीही अशीच १,००० जागांची योजना आहे.

आणि इथलं काम. परदेशी समितीला तुम्ही कुठल्या देशात इंटर्नशिप केली यापेक्षा हाताने काय केलं ते हवं असतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. चार महिने जुन्या नियतकालिकांची सूची केली, गावठाणातल्या दहा आजींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून उतरवून काढल्या, मोडी वाचायला शिकलात, तर अर्जात लिहायला जे मिळतं ते दोन आठवड्यांच्या महागड्या ‘ग्लोबल इंटर्नशिप’च्या प्रमाणपत्रात नसतं. मराठीतली साधनं वाचता येणं हे दक्षिण आशियावर काम करणाऱ्या विभागांसाठी कौशल्य आहे. अर्जात ते ठसठशीत लिहा.

महिन्यांचा हिशोब आणि कागद

ज्या सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचंय, त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्चपासून मोजायला सुरुवात करा. मार्च ते जून प्रश्न पक्का करायचा, आठ-दहा कोर्स निवडायचे आणि पासपोर्ट काढायचा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, ठाण्याचं सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो. सप्टेंबरमध्ये लेखननमुना. ऑक्टोबर ते जानेवारी अर्जांचा हंगाम, इरॅस्मसही त्यातच; बाकीच्या काही शिष्यवृत्त्या त्यानंतरच्या महिन्यांत. जर्मनीच्या हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैपर्यंत जाते. व्हिसा जून ते ऑगस्ट.

लेखननमुन्याबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण इंजिनीअरिंगवाल्यांना तो सहसा लागत नाही आणि सल्लागारही त्याबद्दल बोलत नाहीत. दहा-पंधरा पानांचा एक निबंध, ज्यात तुम्ही एक मुद्दा मांडलाय, पुरावे दिलेत, दुसऱ्याच्या मताला उत्तर दिलंय. आपल्या परीक्षापद्धतीत असं लिहायची वेळ क्वचित येते. म्हणून तो दोन-तीन महिने आधी लिहून, शिक्षकांना दाखवून, पुन्हा लिहावा लागतो. मूळ निबंध मराठीत असेल तर स्वतः इंग्रजी करा, आणि भाषांतर स्वतःचं आहे असं नमूद करा.

शिफारसपत्रंही याच कामातून येतात. शंभर-सव्वाशेच्या वर्गात सर किंवा मॅडमना तुमचं नाव आठवणं कठीण आहे, मग त्यांनी काय लिहायचं? निबंधाचे दोन खर्डे ज्यांनी वाचले, ते शिक्षक चार खरी वाक्यं लिहू शकतात. पत्र मागताना आपलं काम, कोर्सची माहिती आणि मुदत एका कागदावर लिहून द्या, आणि महिनाभर आधी मागा.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास प्रकार. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, आधारवर कधी स्पेलिंग वेगळं. क्रमाचा फरक परदेशी विद्यापीठं समजून घेतात, स्पेलिंगचा फरक मात्र डोकं खातो. आत्ताच सगळे कागद शेजारी ठेवून एकदा वाचा. दुरुस्ती लागली तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र यात आठवडे जातात, आणि ते आठवडे जुलैमध्ये तुमच्याकडे नसतील.

परदेशी नाव इथेच मिळालं तर? जून २०२५ मध्ये अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी या पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्रं दिली गेली, आणि नव्या विमानतळाच्या जवळ सिडकोची एज्युसिटी आखलेली आहे. राहण्याचा खर्च वाचेल हा फायदा खरा. पण आपला विषय तिथे शिकवला जाणार आहे का, आणि कोण शिकवणार, हे दोन प्रश्न तिथेही विचारायचेच. ग्रंथालय, अभिलेखागार, दुसऱ्या भाषेत जगणं हेच हवं असेल, तर पनवेलमधली शाखा त्याची जागा घेऊ शकत नाही.

सल्लागाराकडे जायचंच असेल तर एवढं विचारून घ्या, की त्यांना कोणत्या विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. अनेक फी आकारणाऱ्या विद्यापीठांकडून ते मिळतं, आणि ज्या कोर्सला फीच नाही किंवा पूर्ण शिष्यवृत्ती आहे, तो दाखवण्यात त्यांना काही मिळत नाही. इरॅस्मस मुंडुस, चेव्हनिंग, इनलॅक्स, सरकारी योजना, हे सगळे अर्ज विद्यार्थ्याने स्वतः भरायचे असतात आणि भरता येतात.

शेवटची गोष्ट, कारण ही वेळ बऱ्याच जणांवर येते: प्रवेश मिळतो, शिष्यवृत्ती मिळत नाही. तेव्हा घरात दागिने मोडायची किंवा गावची जमीन विकायची चर्चा सुरू होण्याआधी विद्यापीठाला एक मेल लिहा आणि प्रवेश एका वर्षाने पुढे नेता येईल का ते विचारा. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं हे मान्य करतात. ऑक्टोबरपासून इरॅस्मसचे अर्ज पुन्हा खुले होतात, त्यानंतर इनलॅक्सचे. लेखननमुना तयार आहे, शिफारसपत्रं तयार आहेत, आणि हातात एक वर्ष आहे ज्यात पगारही मिळवता येतो आणि जर्मनची बी१ म्हणजे मधल्या पातळीची परीक्षाही देता येते.